शिल्लक शून्य

अवधानच्या एमआयडीसीत, स्टार्चच्या कारखान्यामागे
आमची दोन खोल्यांची प्रयोगशाळा.
वारा फिरला की भिजल्या मक्याचा वास येतो,
आंबूस, भर दुपारी डोकं धरणारा.
मी पडद्यावर एक जीव बांधते आहे.

बांधते म्हणजे, तो आहेच.
कुणाच्याही आतड्यात सुखानं नांदणारा.
मी फक्त त्याच्या चाऱ्या मोजते:
दोन हजार सातशे अभिक्रिया
आणि प्रत्येक सांध्यावर एकच अट,
आलं तेवढं गेलं पाहिजे.
शिल्लक शून्य.

हे विद्यापीठात शिकायच्या कितीतरी आधी
पांझरेच्या काठी, न्याहळोदला, पौलाद आबांकडून ऐकलं होतं.
आबा फडाचे पाटकरी.
कमरेला टॉवेल, खांद्यावर फावडं
आणि डोक्यात साठ वावरांची तहान, पाळीच्या क्रमानं.
पहाटे तीनला बॅटरी घेऊन चारीनं चालत जायचे,
बंधाऱ्यावर नाही, पार टोकाला जाऊन विचारायचे:
"शेवटला वावरमा पानी पोचनं का?"

मला हवं आहे सक्सिनिक आम्ल.
त्याचं प्लास्टिक होईल, मातीत विरणारं,
असं निदान प्रस्तावात लिहिलं आहे.
लिटरमागे शंभर ग्रॅम. त्याखाली परवडत नाही,
लुंकड साहेब बोटं मोडत सांगतात.
जीवाला आम्ल नको आहे.
त्याला एकाचे दोन व्हायचं आहे, दोनाचे चार.

म्हणून मी चाऱ्या बुजवते.
लॅक्टेटची बंद. फॉर्मेटची.
इथेनॉलची.
एक जनुक पुसलं की संगणक लगेच सांगतो
मेला की जगला.
सकाळी येऊन बघते तर चौदा हजार मरणं
एका फाईलमध्ये, नीट ओळीनं.
जगलेले नऊ.

युक्ती साधी आहे, जराशी निर्दय:
बाकीचे सांडवे असे मिटवायचे
की आमचं आम्ल ओतल्याशिवाय
त्याला वाढताच येऊ नये.
त्याची भूकच आमच्या औताला जुंपायची.

तस्नीम पिंजारी माझे आकडे बाटलीत उतरवते.
तिचा आजा धुळ्यात गाद्या भरायचा.
मीही पिंजतेच, म्हणते, कापूस तेवढा बारीक झाला.
तिसऱ्या नंबरचा वाण पडद्यावर धडधाकट,
बाटलीत मात्र स्वच्छ पाणी.
एक दिवस, चार दिवस, आरपार दिसणारं.
सातव्या दिवशी मी म्हटलं, ओतून टाक.
ती म्हणाली, बिबड्यांची ज्वारीसुद्धा
तीन दिवस काही बोलत नाही, बाई.
राहू दे.

अकराव्या दिवशी बाटली गढूळ.

आम्ल होतं, आणि बऱ्यापैकी.
पण तो ज्या वाटेनं जगला
ती मी आखलेलीच नव्हती.
साखर आत घ्यायचं मोठं दार त्यानं स्वतःच मोडलं होतं
आणि मागच्या फटीतून, सावकाश, चवीनं खात होता.
मी नकाशा पुन्हा उघडला.
एक रेघ खोडली, एक वाढवली.
खोडताना जरा लाजही वाटली.

रात्री आबांना फोन केला.
आता त्यांना दिसत नाही, ऐकू येतं ते फक्त कामाचं.
मी चाऱ्या सांगितल्या, बांध सांगितले,
उंदरानं पोखरावा तसा तो मागचा रस्ता सांगितला.
हसले. मग खोकले.
मग विचारलं,
"अन् तेन्हासाठे काय ठेवं?"

पडद्यावर तो आकडा आहे.
जीवाची स्वतःची वाढ, दर तासाला:
शून्य पूर्णांक शून्य आठ.
त्याहून कमी केला तर आम्ल वाढतं,
गणितात तरी वाढतं,
आणि गणित कधी खोकत नाही.

उद्या बारा लिटरची टाकी लावायची आहे.
तस्नीमनं चिठ्ठीवर नंबर टाकून ठेवला आहे, शाई अजून ओली.
त्या रकान्यात किती लिहू,
हे मी लुंकड साहेबांना विचारणार नाही.