भिंत चार हात आत

नकाशावर आधी भिंत येते.
अल ऐनमध्ये बारा वर्षं बागा आखतेय,
एकाही मालकानं आधी झाड सांगितलेलं नाही.
भिंत किती उंच, शेजारच्या गच्चीवरून आतलं काय दिसेल,
मजलिसचं दार कुठं, बायकांची वाट कुठून,
हे ठरलं की मग उरल्या जागेत हिरवं.

घानिमला इटलीतलं हवं होतं.
कातरलेल्या झुडपांचे चौकोन, मधे कारंजं,
आणि हिरवळ, जिच्यावर कुणी बसणार नाही.
"पाहुणा गाडीतून उतरला की त्याला कळलं पाहिजे."
काय कळलं पाहिजे, ते त्यानं सांगितलं नाही.
हिरवळीला दिवसाला एक टँकर.
आकडा मी खालच्या कोपऱ्यात लिहिला, बारीक अक्षरात.

त्याची आई काठी टेकत आली.
कागद उलटा धरला होता तिनं, तसाच वाचला.
घाफ कुठाय?
होता एक कोपऱ्यात, वाकडा, धुळीनं राखाडी.
मी त्याच्यावर फुली मारली होती. पार्किंग.
आमच्याकडे त्याला शमी म्हणतात,
दसऱ्याला पूजतात.
फुली मारताना मला हे माहीत होतं.

ती म्हणाली, माझ्या बापाच्या वाट्याला
फलजचं पाणी आठवड्यातून अर्धी रात्र.
ताऱ्यांवर पाळी मोजायचे.
ठरलेला तारा डोंगराआड गेला
की बांध फोडायचा, पाणी शेजाऱ्याचं.
चोरी करायची तर अख्ख्या आभाळादेखत.

माझ्या तोंडून निघालं, फड!
साक्रीकडे, पांझरेच्या काठी,
पाटकरी खांद्यावर फावडं टाकून यायचा
आणि पाटलाच्या उसालाही सांगायचा, झालं तुमचं.
हे अरबीत कसं सांगायचं?
हातानं दाखवलं: फावडं, पाट, वळण.
ती हसली. समजून की नुसतीच, देव जाणे.

मग काठीचं टोक भिंतीच्या रेघेवर ठेवलं
आणि आत ओढलं. चार हात.
घाफ बाहेर राहू दे, रस्त्याला.
त्याच्याखाली थंड पाण्याचा नळ.
जेवणाचे डबे पोचवणारी पोरं दुपारी
मोटरसायकलला टेकून उभी असतात,
स्वतःची पडेल तेवढीच सावली त्यांना.

घानिम म्हणाला, चार हात म्हणजे किती दिरहम, ठाऊक आहे?
ती म्हणाली, ठाऊक आहे. तुझ्या बापानं मोजले तेव्हा मी शेजारी होते.

हिरवळ निम्मी झाली.
कारंजं राहिलं. मुलालाही काहीतरी लागतंच.

शेवटची फेरी मारली तेव्हा पंपाच्या खोलीमागं
नोआखालीच्या मोतालिबनं लावलेली सहा वांगी,
फुटक्या ठिबक नळीवर चढवलेला पुईचा वेल.
मला पाहून उभा राहिला, मातीचे हात पाठीमागं.
"काढून टाकतो, मॅडम."
नकाशात तिथं होतं: रिकामी जागा, खडी.
मी पेन काढलं. खडी खोडली.
बराच वेळ पुढचा शब्द सुचला नाही.
मग लिहिलं: आधीपासून आहे.

काय लिहिलंत, त्यानं विचारलं.
मी वाकून पान बाजूला केलं.
हिरवी आहेत का रे, भरताची?