नमुन्यापुरतं

सातपूरच्या लॅबमध्ये मी वस्तू तोडते.
पगार त्याचाच आहे.

काँक्रीटचे ठोकळे, पंधरा सेंटिमीटर बाजूचे,
अठ्ठावीस दिवस हौदात बुडून आलेले,
अंगावर ऑइलपेंटनं तारीख आणि साइटचं नाव.
फैयाजभाई यंत्राचा कान पिळतात.
काटा चढतो, चारशे, पाचशे साठ,
मग ठोकळ्याच्या आतून बारीक करकर,
दाराआड कुणी सुपारी कातरावी तशी,
आणि सहाशे नव्वदला तो खचतो.
उरतो मधे निमुळता, वरखाली रुंद,
डमरूसारखा.
मी लिहिते: पास.
पास झालेलाही इथून घरी जात नाही.

सळईचं वेगळं.
ती बराच वेळ काही बोलत नाही,
नुसती लांबत राहते,
मग एका जागी कंबर बारीक करते
आणि तिथेच तुटते, बार उडाल्यासारखी.
तुटलेलं टोक हाताला कोमट लागतं.
पहिल्या दिवशी मी दचकले होते.
आता डबा उघडेपर्यंत दहा-बारा तुटतात.

फाटकाबाहेर हाच शब्द भलत्याच कपड्यांत भेटतो.
मेडिकलवाला पोरगा विचारतो,
"स्ट्रेंथ कितीची देऊ? पाचची का दहाची?"
बहिणीच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात
पट बेचाळीस, हजर एकोणतीस,
उरलेले तेरा द्राक्षांच्या बागेत क्रेट उचलतायत,
आणि हेडमास्तर म्हणतात, स्ट्रेंथ कमी पडतेय.
दिंडोरीचा मामा मातीला कस म्हणतो,
चिमूटभर जिभेवर ठेवून.
आई तर चहाचा पहिला घोट घेऊनच निकाल द्यायची:
दम नाही ह्यात.

अण्णांनी कसलंच नाव दिलं नाही.
तांबट आळीत पन्नास वर्षं
ते पत्र्याचा हंडा करत होते,
आणि मी पायरीवर बसून पाढे म्हणायचे
त्यांच्या हातोडीच्या ठेक्यावर.
एकदा विचारलं, इतकं ठोकता, पक्कं होतं का?
म्हणाले, होतं. फार होतं.
मग चिरतं.
म्हणून मधेच भट्टीत घालायचं,
लाल करायचं, पाण्यात सोडायचं,
की लेकरासारखं मऊ.
मग पुन्हा बसायचं ठोकत.

मागच्या महिन्यात झटका आला,
उजव्या बाजूनं.

काल रेवती बागूलच्या दवाखान्यात
तिनं त्यांच्या हातात एक मुठीचं यंत्र दिलं.
"दाबा काका. जोरात."
मला तो काटा लगेच कळला,
आमच्याकडचाच, लहान वयाचा.
डावा बावीस किलो.
उजवा नऊ.
नवावर तो थरथरला, दहाकडे बघून परत फिरला,
आणि माझा हात खिशातल्या पेनाकडे गेला,
सवयीनं.
नऊला काय शेरा लिहायचा असतो?
तुटलं तर काहीच नव्हतं.
कोमट मात्र होतं,
नंतर मी तो हात धरून जिना उतरवला तेव्हा.

रेवती म्हणाली, रोज गरम पाण्यात
दहा मिनिटं बुडवा, मग मऊ चेंडू.
अण्णा हसले, एका बाजूनं.
बोळकं शब्द जुळवत राहिलं,
रिक्षा मुंबई नाक्यापर्यंत आली तेव्हा वाक्य पूर्ण झालं:
"भट्टीत... घातलंय... म्हण."

आज सकाळी पुन्हा तेच.
हौदातून तीन ठोकळे काढले, पुसले, मांडले.
रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत
एक ओळ छापलेलीच असते,
सात वर्षांत मी कधी वाचली नव्हती:
हा निकाल फक्त
तपासलेल्या नमुन्यापुरता आहे.

फैयाजभाईंनी विचारलं, लावू?
म्हटलं, एक मिनिट थांबा.