एकदा वर येऊन थांबली पायजे

भरमानं पुढच्या चाकावर दोन्ही तळवे टेकले,
अंगाचा सगळा भार टाकून दाबलं, आणि सोडलं.
गाडी वर आली, खाली गेली, वर आली,
पुन्हा खाली, कुणाच्या तरी लांबलेल्या भाषणाला
मान डोलवावी तशी.
"एकदा वर येऊन थांबली पायजे," तो म्हणाला.
"ही बघा की, अजून बोलायलीच हाय."

दोन सीटची, फायबरच्या अंगाची, हळदीच्या रंगाची,
पंचवीस वर्षांमागं घाटाखाली गोव्यात जन्मलेली.
मडगावच्या एका दातांच्या डॉक्टराकडून घेतली मी,
सोसायटीतून रिटायर झालो त्याच महिन्यात.
शालन तिला गाडी म्हणत नाही.
"ते" म्हणते. "ते बाहेर काढणार आहात काय आज?"

चारही शॉकअब्सॉर्बर गेलेले.
बनवणारी कंपनी केव्हाच बंद.
पुण्याच्या एकानं परदेशातून मागवायचा आकडा सांगितला,
मी फोन कानापासून लांब धरला
तरी ऐकू आला.
तेवढ्यात ही आख्खी आली होती,
टपासकट.

"नवं कशाला पायजे?" भरमा म्हणाला,
आणि चारही नळ्या सिमेंटच्या पोत्यात घालून
स्कूटरवर मागं मला बसवून उद्यमबागेत नेलं.
जेसीबीचे हात जिथं नीट होतात,
गुऱ्हाळाचे रूळ, फौंड्रीचे जॅक,
तिथं ही चार बोटं जाडीची नळी म्हणजे खेळणंच.

गुरुसिद्दानं रॉड पुसला, चष्मा कपाळावर सारला,
नखानं चाचपला. क्रोमला बारीक खड्डे.
रस्त्याचे खड्डे इथवर वर चढून आले होते.
तेल ओतलं तर काळं, पातळ,
काकवी म्हणावं तर तिला दाटपणा असतो.

"एष्टु?" मी माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं.
त्यानं मराठीत सांगितलं.
मग तासभर आम्ही घासाघीस केली,
तो माझ्या भाषेत, मी त्याच्या,
आणि दोघंही दुसऱ्याच्या घरात चप्पल काढून
बोलावं तसे जपून.
पाचशे सुटले.
घरच्या भाषेत एवढे सुटले नसते.

रॉडला नवं क्रोम. सील हायड्रॉलिकचं.
बुश कुठल्याशा जुन्या व्हॅनचा,
लेथवर दोन मिलिमीटर उतरवलेला.
मी म्हटलं, पुढचे दोनच करू या आत्ता?
मागच्यांपैकी एक बराच बरा दिसतोय.
भरमानं पाना खाली ठेवला.
"जोडीनंच बदलायचं असतंय, साहेब.
एक ताजा, एक थकलेला, मग गाडी तिरकी ओढती.
सोसायचं काम स्प्रिंगचं. ह्याचं काम येवढंच,
पुरे म्हणायचं तिला."

सहा हजार आठशे, दोन वेळचा चहा धरून.
बिल कॅलेंडरच्या पाठीवर,
आकडे त्यांचे, नाव माझं,
कान्याजवळ ग्रीसचा अंगठा.

रविवारी खानापूरच्या वाटेला लागलो.
रेल्वेचं फाटक आलं.
शालननं नेहमीसारखा डॅशबोर्ड धरला,
डोळे मिटले, आणि चाक रुळावर चढायच्या आधीच
म्हणाली, "आई गं!"
गाडी एकदा वर आली.
थांबली.
फाटक मागं राहिलं, हिरवा झेंडा गुंडाळणारा माणूसही.

बराच वेळ तिचा हात तिथंच होता.
"गेलं?"
"गेलं."
तिनं मागं वळून बघितलं.
"मग माझं आई गं वायाच गेलं की."

डावीकडून मागून एक बारीक चूंचूं येतंय.
बुशच असणार.
सोमवारी भरमाकडं जायला पाहिजे,
नाहीतर मंगळवारी.