एकोणीस दारं उघडतात

राजधानीचं नाव मेरुकोट. वस्ती सव्वा लाख,
असं वेशीवरचा भाट सांगतो, दर चाळीस सेकंदांनी.
मी मोजलेत. त्रेसष्ट.
त्यातले आठ पहारेकरी,
आणि त्या आठांत चेहरे दोनच.

गोडोलीतल्या माझ्या खोलीत, रात्री दीड वाजता,
मी तटबंदी माऊसने धरून आणखी अलीकडे ओढते.
पुण्याहून इरावतीचा निरोप आहे:
उत्तर वेस ते दक्षिण वेस तीन मिनिटांत धावून झालं पाहिजे,
नाहीतर खेळणारा कंटाळतो, घोडा मागतो.
तीन मिनिटांत आपल्याकडे
पोवई नाक्यावर रस्ता ओलांडून होत नाही
संध्याकाळी सातला.

किल्ला डोंगरावर ठेवलाय, कुठूनही दिसेलसा.
चुकलेल्यानं मान वर करावी म्हणून.
पुस्तकात याला मोठं नाव आहे.
मी शाळेतून येताना गल्ली चुकले की
अजिंक्यतारा डाव्या खांद्यावर आहे की उजव्या
एवढंच बघायचे.

रस्तेसुद्धा इथूनच उचललेत,
एक वरचा, एक खालचा.
टेस्टिंगवाले विचारतात, नुसतं 'वरचा रस्ता'?
जरा भव्य काही सुचत नाही का?

रविवारी खुटाळे काकांना बोलावलं.
छत्तीस वर्षं टपाल वाटलं त्यांनी,
यादोगोपाळ, व्यंकटपुरा, चिमणपुरा.
आता गुडघे धरतात, म्हटलं बसून चालतील.
कंट्रोलर आधी उलटा धरला, मग सुलटा,
आणि राक्षसाकडे पाठ करून
सरळ पहिल्या दाराशी गेले.
उघडेना.
दुसऱ्या. तेही.
"नंबर नाहीत घरांना?"
नाहीत.
"मग पत्र कसं येतं?"
येत नाही, काका.
"कुणालाच?"

दोनशे बारा दारं, उघडतात एकोणीस.
बाकीची भिंतीवर चिकटवलेली चित्रं. पलीकडे खोली नाही,
पोकळीही नाही, पोकळीला तरी माप लागतं.
काकांनी दोनशे बाराच्या दोनशे बारा ठोठावली.
चहा दोनदा निवला.
तिकडे राक्षसानं बाजार जाळून संपवला.

मग विचारत सुटले.
पाणी कुठनं? वर कास आहे का यांना?
दूध किती वाजता येतं?
एवढ्या पहारेकऱ्यांच्या भाकरी कोण थापतं?
गेलेल्या माणसाला नेतात कुठं, माहुली कुठंय यांची?
मी म्हटलं, इथं मेलेला पडल्या जागी विरतो,
आठ सेकंदांत.
त्यावर काही बोलले नाहीत.
खिशातून चष्म्याचं घर काढलं,
परत ठेवलं.

जाताना, चपलेत पाय घालत:
"मलातरी कुठं सगळी उघडली होती म्हणा.
चिमणपुऱ्यात एक हिरवं दार होतं.
कायम फटीतूनच सरकवलं.
आत एक बाई खोकायची.
खोकली की समजायचं, पोचलं."

सोमवारी इरावतीला कळवलं:
शहर वाढवत नाहीये. तीन मिनिटं तर तीन मिनिटं.
फक्त वरच्या रस्त्यावर, हलवायाला लागून,
न उघडणाऱ्या एका दाराला हिरवा रंग दिलाय
आणि खाली फट, पाऊण इंच.
मेमरी खात नाही फारशी.
ठोठावलं तर आत कुणीतरी खोकतं.
दरवेळी तेच नको, म्हणून सात खोकले भरलेत,
सातही माझेच,
तोंडाशी उशी धरून.

उलट टपाली उत्तर:
या दाराचं क्वेस्ट काय? बक्षीस काय?
रकाना रिकामा सोडता येत नाही, लाल होतो.
मी भरलं: पत्र देणे.
आणि बक्षिसापुढे शून्य.
शून्य चालतं.