वापर : निरंक

वीस वर्षं मी हीच ओळ लिहीत आलो.
आरक्षण क्रमांक दोनशे चौदा, बगीचा.
क्षेत्र साडेनऊ गुंठे. मालकी, महापालिका.
वापर : निरंक.

दर मार्चला शाई बदलायची. अक्षर तेच.

शंभर फुटी रस्त्याच्या मागं, पंपहाऊसला लागून,
तिथं खरं काय होतं
ते रकान्यात मावणारं नव्हतं :
फुटके कमोड, वेड्या बाभळी,
कुठल्याशा मंडळाचा मोडका मांडव,
डुकरांचं एक अख्खं खानदान,
आणि आमच्याच विभागाचा बोर्ड,
'अतिक्रमण करणाऱ्यावर कारवाई करण्यात येईल'.
त्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत असायचा.

मग एकोणीसचा पूर.
कृष्णा आली, आठ दिवस राहिली,
जाताना भिंतीवर गळ्याच्या उंचीला
एक तपकिरी रेघ ओढून गेली
आणि खाली ढोपरभर गाळ.
गाळ उचलायची निविदा निघाली.
निघाली ती निघालीच,
परत काही आली नाही.

जैतुनबी शिकलगारनं त्या गाळात बोट घालून बघितलं.
म्हणाली, "आमचं पीठ, आमची गादी,
समदं ह्यातच असंल की."
आणि मूठभर मेथी फेकली.

रायगोंडा चौगुले आले, मार्केट यार्डातले तोलाईदार,
पिशवीत हळदीचे जेठे गड्डे.
जन्मभर दुसऱ्याची हळद तोलली,
अजून हातात घेतली की
आधी वजन सांगतात, मग बोलतात.

अर्ज आला. निनावी.
मी टेप घेऊन गेलो, पंचनाम्याचा कागद घेऊन.

मेथी, वाफे सात.
वांगी, झाडं एक्केचाळीस, पैकी एक रोगट.
घेवडा, भिंतीवर,
पुराच्या रेघेपासून वीतभर वर.
अतिक्रमण करणारे : गल्ली.
पंच म्हणून बाहेरचं कुणी सही करेना,
तेव्हा त्यांनीच केल्या.

साहेबांनी विचारलं, कागदावर हा डाग कसला?
म्हटलं, स्थळपाहणीचा.

पोरं चिडलेली होती. त्यांची खेळपट्टी गेली होती.
दोनदा कुंपण उपटलं,
तिसऱ्यांदा जैतुनबीनं त्यांच्याच हातात पहार दिली
आणि मधोमध बावीस पावलं सोडली.
आता नियम असा :
वांग्यात गेला की आऊट.
मेथीत गेला तर आणणाऱ्यानं
येताना पाण्याची एक बादली घालायची.

फाईल दीड वर्ष फिरली.
एका टेबलावर ती चार महिने
पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून ठेवलेली,
हे मी डोळ्यांनी पाहिलंय.
शेवटी परवानगी आली, अकरा महिन्यांची.
रायगोंडांनी बोटं मोजली,
"हळदीला नऊ. ऱ्हायले दोन.
त्यात काय करायचं ओ?"
म्हटलं, पुढच्या अर्जाची मशागत.

डुकरं अजून येतात.
त्यांना करार दाखवता येत नाही.
बाकड्याचं एक पाऊल गाळात रुतलंय,
बसणारा जरा डावीकडे कलतो,
कुणी दुरुस्त करत नाही,
उजवीकडे बसणाऱ्याशी बोलायला तेच बरं पडतं.

मे महिन्यात मी निवृत्त होतोय.
यंदा रजिस्टर नाही, संगणक आहे.
दोनशे चौदा काढला, वापर या शब्दावर टिचकी मारली,
तर चारच पर्याय उघडले :
मोकळा. बांधीव.
अतिक्रमित. न्यायप्रविष्ट.

बराच वेळ बसून होतो.
शिपाई दिवे मालवायला आला.
तळाशी, अगदी बारीक, पाचवा दिसला, इतर.
शेरा लिहायला एवढीशी जागा.

लिहिलं :
मेथी निघाली. हळद आहे.