एक गिलास बाजूला

एक तारखेला अंबाझरीच्या पाळीवर
पाय ठेवायला जागा नव्हती.
सगळ्यांचे बूट नवे. माझेही,
सीताबर्डीवरून घासाघीस करून आणलेले.
एका बुटातला कागद काढायचा राहून गेला,
तो दोन फेऱ्या कुरकुरत होता.

निनावे साहेब म्हणाले, यंदा नक्की.
मीही म्हणालो, यंदा नक्की.
तीन महिन्यांची साखर आठ पूर्णांक चार.
डॉक्टरांनी आकड्याभोवती गोल काढला
आणि पेन खिशाला लावताना
माझ्याकडे बघितलं नाही.

पायऱ्यांपाशी गुंफाबाईची हातगाडी:
दुधी, कारलं, गव्हांकुर, आवळा,
स्टीलचे डबे, वर ओला फडका.
"घ्या नं भाऊ, कडू हाये पण खोटं नाही."
शेजारीच तर्री-पोह्याचा ठेला.
सगळी गर्दी चालली इकडे
आणि थांबली तिकडे.
मीसुद्धा. वरून शेव मागून.
दुसऱ्या दिवशी लाजेकाजेनं दुधी प्यायलो,
मग रोजच.

सहा तारखेला पारा सातवर.
रजईत पडून हिशेब केला:
आज राहू दे, उद्या दोन फेऱ्या जास्त.
उद्या म्हणालो, परवा चार.
आठ तारखेला माझ्यावर तलावभर फेऱ्या उधार होत्या
आणि बूट पलंगाखाली,
तोंड भिंतीकडे करून.

नऊला दुधाची पिशवी घेऊन
त्या बाजूनं स्कूटर काढली, आणि सापडलो.
"काहून जी, तीन दिवस पत्ता नाही?
तुमचा गिलास काढून ठेवतो मी बाजूला,
मंग मलेच प्या लागते."

मी हसलो. ती हसली नाही.
पहाटे तीनला उठून दुधी किसते,
पांढराबोडीहून गाडी ढकलत आणते,
चढावर दोनदा थांबते.
तिला कधी कुणी विचारलं असेल का,
नव्या वर्षात काय ठरवलंय म्हणून?

तर मी जाऊ लागलो. तब्येतीसाठी म्हणाल
तर नाही, खोटं कशाला बोलू.
माझ्या वाटचा कडूपणा
दुसऱ्या कुणी गिळू नये, एवढंच.
अर्धी फेरी. कधी पूर्ण.
एकदा मफलर विसरून.
एकदा निनावे साहेबांना फोन लावत,
त्यांनी उचलला नाही.

संक्रांतीनंतर गर्दी ओसरली.
बाकांवर दव बसू लागलं,
तलावावर धुकं असं,
की पलीकडचा काठ
अजून कुणी बांधलाच नसावा.

फेब्रुवारीत एका सकाळी
गुंफाबाई आली नाही.
चाकांना लावायच्या दोन विटा तेवढ्या होत्या.
पोहेवाला म्हणाला, उमरेडले गेली,
लेकीकडे. नातू झाला.
त्यानं तर्रीचं झाकण उचललं,
वाफ माझ्या चष्म्यावर.

चष्मा पुसला. घड्याळ पाहिलं,
सव्वासहा.
आज अलार्म वाजलाच नव्हता,
हे तेव्हा कुठे लक्षात आलं.

विटा ओलांडून पायऱ्या चढलो.
निम्म्या वाटेत बुटाची नाडी सुटली,
बांधायला वाकलो, तर
तोंडात उगाच
दुधीची चव.