गेटपासच्या पाठीवरची टीम

लुमाण्णा हलगेकर. सेंटर हाफ. पाच नंबर.
उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंगला,
म्हणून मातीशी त्याचं जमायचं.
सतराव्या वर्षी अनगोळच्या पोरांत, अनवाणी.
विसाव्या वर्षी वास्कोला, बंदराच्या टीमकडनं दोन सीझन.
मग बेंगळूरच्या एका कारखान्यात,
तिथं नोकरी होती कागदावर आणि कागद होता गुडघ्यावर.
गुडघा गेला.
परतला तेव्हा एका पिशवीत बूट, दुसरीत
आईसाठी शेरभर काजू,
निम्मे त्यानंच गाडीत खाल्लेले.

क्लबाकडं कोच ठेवायला पैसे नव्हते.
चेअरमन म्हणाला, तूच खेळ, तूच खेळीव.
पगार म्हणून रविवारी दोन उकडलेली अंडी
आणि गोलाची जाळी घरी न्यायचा मान.

तेव्हापासून त्या एका बनियनमध्ये
दोन माणसं राहायला लागली.
पहिली पाळी सुटायला एकदा उशीर झाला,
सायकल टाकून धापा टाकत आला
आणि शिट्टी तोंडात घ्यायच्या आधी
डब्यात पाच रुपये टाकले.
"कुणाला केलास गा दंड?" इनासनं गोलातनं विचारलं.
"हलगेकराला. लै माजलाय."

इनास देवाला कोकणीत हाका मारायचा.
बॅकला बसू हिरेमठ, त्याला लांबनं ओरडायचं,
"बिडब्याड, बसू, बिडब्याड!"
मक्तुमला विंगवर उर्दूत शिवी लागायची,
मराठीतली त्याला लागू पडत नसे.
मोर्चाच्या दिवशी प्रॅक्टिस बंद.
दुसऱ्या दिवशी मोर्चात कोण होतं, कुठल्या बाजूला,
ते मोजे ओढताना
कुणी विचारायचं नाही.

मी बारावा. लिंबं कापायचो,
बॉलला हवा भरायचो, जीभ बाहेर काढून.

लेले ग्राउंडवर फायनल, ऑगस्टातली रिपरिप,
समोर कॅम्पातली टीम, तिचा लेफ्ट विंगर
नुसता साबण.
पहिल्यांदा निसटला तेव्हा लुमाण्णा हसला.
दुसऱ्यांदा निसटला, गोल झाला.
मक्तुमनं तो फेडला, एक-एक,
आणि मग आमचा सेंटर हाफ खेळ चालू असताना
बेंचकडं वळला, हात वर केला, पाची बोटं उघडी.
रेफ्रीला वाटलं, दुखलं.
आम्हाला वाटलं, पाणी मागतोय.

जर्सी एकच होती त्या नंबरची.
अंगातनं उपसून दिली, गरम, चिखलानं जड,
माझ्या गुडघ्यापर्यंत आली.
"त्याच्या पायाकडं बघू नको. बॉलकडं बघ.
आणि माझ्याकडं तर अजिबात बघू नको."

मी बघितलं.
फाटक्या बनियनवर तो बेंचवर बसला होता,
हात कुठं ठेवायचे ते न कळून
लिंबं कापत.

साबण माझ्याही हातातनं गेला. दोन-एक. हरलो.
जाळी सोडताना मी विचारलं,
"हलगेकर असता तर?"
"तीन खाल्ले असते," म्हणाला,
आणि गाठ सोडवत राहिला.

तो गेल्यावर त्याच्या बायकोनं डबा आणून दिला.
नाणी, शिट्टी, आणि फाउंड्रीचा एक गेटपास.
पुढच्या बाजूला आत यायची वेळ, सुपरवायझरची सही.
मागं त्या दिवशीची टीम, पेन्सिलीनं.
पाच नंबरला हलगेकर,
त्याच्यापुढं बाण काढून माझं नाव, तेही चुकीचं, भेरू,
आणि कंसात साठ.

म्हणजे विंगरचा त्यात काही हात नव्हता.
सकाळी शिफ्टवर, साच्यात वाळू ठोकताना,
किंवा जेवणाच्या सुट्टीत गेटाबाहेर उकिडवं बसून
एकानं दुसऱ्याला सांगून ठेवलं होतं,
तासभर मिळेल तुला.
दुसऱ्यानं काय उत्तर दिलं
ते कुठं लिहिलेलं नाही.

पेन्सिल मात्र साठावर एकदा मोडली आहे.
खाली पुसट दिसतो
खोडलेला नव्वद.